नानांचं सुखाशी वैर

माझ्या बहिणीच्या सासऱ्यांइतकं सुखाशी वैर अख्ख्या संगमनेर तालुक्यात कुणी धरलं नसेल. नाना कबड्डीचे प्रशिक्षक. गावात ऊस आहे, दूध आहे, घरोघरी माया करणाऱ्या आया आहेत, म्हणूनच इथला खेळाडू मोठ्या सामन्यात ढिला पडतो, असं त्यांचं ठाम मत. स्पर्धेला जाताना एसटी रिकामी असली तरी संघाला उभं राहून प्रवास घडवत. सरावासाठी शेजारच्या अकोले तालुक्यातल्या डोंगरातलं सगळ्यात खडकाळ पटांगण हुडकून काढत. बहिणीच्या लग्नात त्यांनी मांडवातला पंखा बंद केला आणि घामाघूम झालेल्या नवरदेवाला, म्हणजे स्वतःच्याच मुलाला म्हणाले, "बस गप. सवय लागंल." भटजींनी मंत्र थांबवले तेव्हा कुठे पंखा पुन्हा सुरू झाला.

त्यांची धाकटी मुलगी कविता चढाईत तरबेज. अठराव्या वर्षी तिला घरी राहून इथल्याच कॉलेजकडून खेळायचं होतं. नानांनी स्वतः तिची बॅग भरली आणि तिला मुंबईला धाडलं. "घरच्या ताटावर वाघीन तयार होत न्हाई," म्हणाले. दिवाळीलासुद्धा बोलवत नसत. पुढे ती व्यावसायिक संघात पोचली, नाव झालं. पण अटीतटीच्या सामन्यात शेवटच्या चढाईला कचरायची. नाना टीव्हीपुढे चटईवर बसून चडफडायचे, "तिथंबी लाड होत असत्याल."

मागच्या वर्षी तिचा गुडघा दुखावला आणि चार महिन्यांसाठी ती घरी आली. आईनं तिला गादीवर झोपवलं, तूप-भात खाऊ घातला. नाना दोन दिवस फुगून ओट्यावर बसले. तिसऱ्या दिवशी मुकाट्यानं तिच्या उशाशी चहा नेऊन ठेवू लागले.

ती परत गेली आणि पहिल्याच मोठ्या सामन्यात शेवटच्या चढाईला तिघींना बाद करून आली. त्या संध्याकाळी मी टीव्हीवर सामना बघायला नानांकडेच होतो. त्यांनी फोन स्पीकरवर टाकून तिला विचारलं, "आज भ्याली न्हाईस?"

"आधी वाटायचं, हरले तर घरी कुठल्या तोंडानं जाऊ," कविता म्हणाली. "आता घरी राहून आले ना. हरले तरी आई जेवायला वाढणारच की."

"बरं, बरं," म्हणत त्यांनी फोन ठेवला. मी पेढे आणायला उठलो, तर त्यांनी हात धरून बसवलं.

"सात दिवाळ्या पोर परक्या गावात एकटी जेवली. अन् मी हितं पोरांना सांगत हुतो, त्यानंच ती घट्ट झाली म्हनून."

"यंदा बोलवा की, नाना."

"कालच बोलावलं. सामने हायेत म्हनली," नाना म्हणाले, आणि त्यांनी उठून टीव्ही बंद केला.