कललेलं वावर

देवमन मोजणी खात्यात चेनमन होता. नाव सरकारी नोकरीचं, काम बैलाचं. तेहतीस फुटी साखळी ओढून ओढून बारा वर्षांत त्याचे गुडघे गेले. आकडे साहेब मांडायचा; त्यात देवमननं कधी डोकं घातलं नाही.

नोकरी लागली त्याच वर्षी, चौपन्न साली, बार्शीटाकळीजवळ त्याच्या थोरल्या बहिणीच्या, मैनाच्या घरी वाटणी निघाली. एकीकडे तिचा नवरा श्रावण, दुसरीकडे धाकटा दीर पुंजाराम, वावरंही दोनच. गावची रीत धुरे, म्हणजे कडेचे बांध, मोजायची. नव्या नोकरीच्या तोऱ्यात देवमननं साखळी टाकली. दोन्ही वावरांचा प्रत्येक धुरा तेरा साखळ्या भरला. "दोनी सारखेच," त्यानं छातीठोक सांगितलं. पुंजारामनं चौरस वावर घेतलं, श्रावणच्या वाट्याला तिरप्या कोपऱ्यांचं, कललेलं आलं.

मग दरसाल पुंजारामच्या खळ्यावर सोळा पोती ज्वारी, श्रावणच्या अकरा. जमीन सारखी, मग खोट माणसातच, असं मैनानं धरलं. श्रावण अंधारात वावरात जायचा, अंधारात परतायचा, आणि तरी बोलणी खायचा. पासष्टच्या पावसाळ्यात तापानं तो गेला.

सहासष्ट साली तिथं फेरमोजणी आली. साहेबानं श्रावणच्या वावरात कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत साखळी टाकायला लावली. एक कर्ण चोवीस, दुसरा दहा. गुणाकाराचे निम्मे एकशेवीस चौरस साखळ्या, म्हणजे तितकेच गुंठे. पुंजारामचं वावर एकशे एकोणसत्तर भरलं.

"साहेब, धुरे तं सारखेच आहेत ना?" देवमननं विचारलं.

"बाज कलली की लाकडं तेवढीच राहतात, देवमन. झोपायची जागा कमी होते."

साखळी गुंडाळून तो मैनाकडे गेला. न सांगता राहवत नव्हतं. ती ओट्यावर ज्वारी पाखडत होती.

"बाई, वाटणीत माह्याकडून चूक झाली. तुह्यं वावर एकोनपन्नास गुंठ्यानं कमी आहे. पहिल्यापासून."

मैनानं सूप खाली ठेवलं.

"फेरवाटणी मागू. पुंजारामले मी सांगतो."

"वावराचं मंग पाहू," ती म्हणाली. तिनं खळ्याच्या वाटेकडे पाहिलं. "मी त्या मानसाले जलमभर कामचोर म्हनलं, देवमन. ताप होता तरी उठवून वावरात धाडलं. आता त्याले कोन सांगन?"