स्विचवरची मांजरीची पाटी

निजामाच्या जुन्या राजधानीत, नल्लकुंट्यातल्या आमच्या भाड्याच्या घराच्या दारावर नावाची पाटी कधीच नव्हती. मागच्या व्हरांड्याच्या मेन स्विचवर मात्र एक पाटी होती, आणि ती मांजरीची होती. तेलाच्या डब्याच्या पत्र्यातून कापलेली, कडा आत मुडपून बोथट केलेली, तांबड्या रंगाची. तिच्यावर मी पांढऱ्या रंगाने मांजरीचे तोंड काढले होते; फळ्यावर लहान वर्गांसाठी काढावे तसे, एक वर्तुळ, वर दोन त्रिकोण आणि मिशांच्या रेघा.

ती पाटी पहिल्यांदा लागली तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "माणसाच्या नावाची पाटी न्हाई दाराला, अन् मांजरीला पाटी! कमाल हाय बाई तुमची."

त्या पाटीचे उपकार मी आजवर विसरलेले नाही. ते का, हे नीट कळायचे तर थोडे मागून सुरुवात करावी लागेल.

मी एका मराठी शाळेत विज्ञान शिकवत असे. माझे पती एका कारखान्यात यंत्रांच्या देखभालीचे काम पाहत. देशाची दारे जगासाठी उघडली आहेत, असे वर्तमानपत्रे मोठ्या अक्षरांत छापत होती, त्याच सुमारास कारखान्याने आपल्या माणसांना स्वेच्छानिवृत्तीचे अर्ज वाटले. पतींनी सही केली आणि ते घरी आले. त्यानंतर कित्येक महिने ते दुपारपर्यंत एकच वर्तमानपत्र वाचत बसत. विचारले तेवढ्याचे उत्तर देत. बहुधा "हो" किंवा "नको". सासूबाई मला स्वयंपाकघरात हळूच विचारत, "आज काही बोलला का गं?"

मग गल्लीत घरोघरी रंगीत टीव्ही आणि फ्रिज आले. वीज मात्र जुनीच राहिली. कधी दिवा काजव्यासारखा मिणमिणे, तर कधी एकदम लखलखून फुटे. नव्या वस्तूंच्या आधी स्टॅबिलायझर घेणे भाग पडू लागले. कुणाचा तरी बिघडलेला स्टॅबिलायझर पतींनी दुरुस्त करून दिला, मग दुसऱ्याचा, आणि हळूहळू ते स्वतः बनवू लागले. मागचा जाळीचा व्हरांडा हाच कारखाना झाला. तिथे तार गुंडाळायचे हातयंत्र आले, छोटे ड्रिल आले, चाचणीचे टेबल आले.

मांजरी आली ती या चाचणीच्या टेबलामुळे. तयार झालेला स्टॅबिलायझरचा डबा बराच वेळ चालू ठेवून पाहावा लागतो; तो चांगला कोमट होतो. थंडीच्या एका सकाळी करड्या रंगाचे अर्धवट वयाचे एक मांजर त्या डब्यावर चारी पाय पोटाखाली घेऊन बसलेले आम्हाला आढळले. पतींनी त्याला हाकलले नाही. चष्मा कपाळावर चढवून ते म्हणाले, "आल्या का इन्स्पेक्टरबाई? घ्या, तपासा. आमच्याकडच्या इन्स्पेक्टरचंही हेच काम होतं. मालावर बसायचं, हात लावायचा नाही."

आदल्या कित्येक महिन्यांतले त्यांचे हे सर्वांत लांब बोलणे होते. दाराशी सासूबाई उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि बशीत दूध ओतले. एरवी मांजर म्हटले की त्या दुधावर झाकण आणि झाकणावर वरवंटा ठेवणाऱ्या बाई.

पुढे ते काम करता करता मांजरीशी बोलू लागले. तारेचे वेढे कुठे चुकले, कोणत्या गिऱ्हाइकाला घाई आहे, आज वीज कशी वागते आहे, हे सगळे तिला सांगत. आणि तिला सांगता सांगता आम्हालाही.

परंतु इन्स्पेक्टरबाईंचे वय हात न लावता बसण्याचे नव्हते. हलणारी प्रत्येक वस्तू ही आपल्यासाठीच हलते, असा तिचा ठाम समज होता. हातयंत्र फिरू लागले की तांब्याची तार लकाके आणि तिचा पंजा वर येई. ड्रिलचा पट्टा फिरू लागला की ती पोट जमिनीला टेकवून दबा धरे. वॉर्निशच्या डब्यात एकदा शेपूट बुडाले. मांजर अंगाला लागलेले सर्व चाटून काढते, म्हणजे ते वॉर्निश पोटात जाणार. सासूबाईंनी तिला मानगुटीला धरले आणि मी शेपटीचे चिकट केस कात्रीने कापून टाकले. कित्येक दिवस ती उंदरासारख्या शेपटीने घरात फिरत होती.

मग एक दिवस ती स्वयंपाकघरात आली, तेव्हा तिच्या तोंडातून तांब्याच्या तारेचा तुकडा लोंबत होता. सुदैवाने तो नुसता दातांत अडकला होता. जबडा उघडून मी तो काढला. तरीही तिला पिशवीत घालून जनावरांच्या दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी तपासून सांगितले, "आज निभावलं. पण तार किंवा दोरा गिळला गेला असेल, तर बाहेरचं टोक कधी ओढू नका. आत आतडं कापलं जातं. तसंच इकडे घेऊन या." वाचकांच्या घरी मांजर असेल, तर हे वाक्य त्यांनीही ध्यानात ठेवावे.

त्या संध्याकाळी पतींनी हातयंत्रावर फडके टाकले आणि ते म्हणाले, "दोघांपैकी एकच राहील. यंत्र मला सोडता येणार नाही. तिला कुणाला तरी देऊन टाका."

"अहो, पण ती तुमच्याशिवाय..."

"कारखान्यात एकाचा हात आत असताना दुसऱ्याने बटण दाबलेलं मी पाहिलंय. पुन्हा पाहायचं नाही. मांजराचंसुद्धा नाही."

ते पुन्हा वर्तमानपत्राकडे वळले. मला त्या वर्तमानपत्राची भीती वाटली. मी म्हटले, "दिवाळीपर्यंत मुदत द्या. तोवर व्हरांडा मांजराजोगा करून दाखवते. नाही जमलं तर मी स्वतः तिला नेऊन सोडीन."

"म्हंजे मांजरीचं इम्तहान!" सासूबाई म्हणाल्या. "अन् पेपर काढणार मास्तरीणबाई."

इम्तहान खरे तर आमचेच होते. मी ते एखाद्या धड्यासारखे हाती घेतले. लोखंडाचा कीस लोहचुंबकाने गोळा होतो; तांब्याला चुंबक धरत नाही, म्हणून काम संपले की ओल्या फडक्याने फरशी पुसायची. वॉर्निश, ॲसिड, कथलाचे तुकडे हे सर्व घट्ट झाकणाच्या डब्यांत गेले. तापलेल्या सोल्डरिंगच्या कांबीसाठी पतींनी जाळीचे घरटे केले. मांजराला उंचावरून पाहायला आवडते. म्हणून स्वयंपाकघराच्या बाजूने, जाळीला लागून एक फळी ठोकली, की तिथून बाईंना तपासणी करता यावी. आणि सर्वांत उपयोगी गोष्ट म्हणजे, काम सुरू करण्याआधी तिला खेळवून घ्यायचे. जुन्या मोज्यात चिंध्या भरून चेंडू केला, तोंड पक्के शिवून. धापा लागेतो चेंडू, त्यावर लगेच दूधभात, आणि मग मांजर हमखास झोपते. शाळेतही खेळाच्या तासानंतर शांतता असते. कारण वेगळे नसावे.

तरीही एक दोष राहत होता. जाळीचे दार कुणीतरी उघडे टाकी, आणि मेन स्विच होता दाराबाहेर, बोळात. तिथून टेबलाखालचे काही दिसत नसे. "मांजर कुठे आहे?" असे विचारले की घरातला प्रत्येकजण म्हणे, "असेल की बाहेर."

यावर तोडगा पतींनीच काढला. त्यांच्या कारखान्यात रिवाज होता: जो माणूस यंत्रात हात घालील, त्याने आपली तांबडी पाटी स्विचच्या दांड्यावर अडकवायची. ती पाटी असेपर्यंत साहेबानेदेखील स्विच लावायचा नाही. आणि ती काढायची ज्याची त्याने.

"पण मांजर कशी काढणार स्वतःची पाटी?" मी विचारले.

यावर आम्ही बराच खल केला. अखेर नियम ठरला. ज्याला मांजरी व्हरांड्यात दिसेल, किंवा आत गेल्याची शंका येईल, त्याने स्विच बंद करून पाटी अडकवावी. काढायची मात्र त्याच व्यक्तीने, आणि तीही मांजरी जाळीबाहेर डोळ्यांनी पाहिल्यावरच. "असेल" चालणार नाही. मी वर्गात निरीक्षण आणि अनुमान यांतला फरक शिकवीत असे, तो घरात लागू झाला.

सासूबाईंना हा सगळा खेळखंडोबा वाटे. मी त्यांना मुद्दाम विचारी, "आई, पाटी काढलीत, पाहिलीत का तिला?"

"हौ, हौ, पाहिली."

"कुठं आहे?"

"माझ्या डोस्क्यावर! बघ की, तुझ्याच पदराशी खेळायलीय."

आणि खरोखरच ती तिथे असे.

दिवाळीच्या आदल्या रविवारची दुपार. हिमायतनगरला फोटोकॉपीचे दुकान असलेले एक गिऱ्हाईक आपला मोठा स्टॅबिलायझर न्यायला आले होते. गोड बोलणारे आणि कायम घाईत असणारे गृहस्थ. डबा टेबलामागे जमिनीवर ठेवला होता, मागचा पत्रा उघडा, तारा जोडलेल्या. शेवटची चाचणी तेवढी बाकी होती. तेवढ्यात वीज गेली. पतींनी सवयीप्रमाणे मेन स्विच खाली ओढला, कारण वीज परत आली की काहीही आपोआप सुरू होऊ नये. मग ते आणि पाहुणे पुढच्या खोलीत चहाला बसले. मी चहा घेऊन तिथेच होते. सासूबाई बोळात अंबाडी निवडत बसल्या होत्या.

वीज आली. पाहुणे पेला ठेवून उठलेच. "साब, लाइट आ गई! एक बार लगा के बता देव, दुकान पे लोगां खडे हैं."

पती बोळात गेले, त्यांच्या मागे पाहुणे, पाहुण्यांच्या मागे मी. अंबाडीची चाळण तिथे होती, सासूबाई नव्हत्या. पतींनी हात उचलला आणि तो तसाच थांबला. दांड्यावर पाटी होती.

"इन्स्पेक्टरबाई आत आहेत का?" त्यांनी हाक दिली.

"अजी, बिल्लीच तो है!" पाहुणे हसून म्हणाले. "खट् करते ही भाग जाती."

"नक्को," पती म्हणाले. "पाटी आहे." आणि ते दार उघडून आत गेले.

टेबलामागे सासूबाई जमिनीवर वाकून बसल्या होत्या. त्यांचा उजवा हात कोपरापर्यंत त्या उघड्या डब्यात होता, तांब्याच्या वेढ्यांच्या मधोमध. त्या लाडीगोडीने म्हणत होत्या, "ये गं माझे बाई, ये, दूध देते." त्यांना अलीकडे कमी ऐकू येत होते; त्या आमच्याकडे पाठमोऱ्या होत्या. वीज आल्याचे, हाक मारल्याचे, कशाचेच भान त्यांना नव्हते.

 पती गुडघ्यांवर बसले आणि त्यांनी आईचा हात दोन्ही हातांनी धरला.

"सोड रे," त्या म्हणाल्या, "आत्ताच धरली होती म्या, निसटंल ना ती."

अखेर त्यांनी मांजरीला मानेला धरून बाहेर ओढले. छातीशी घेऊन उठल्या, तेव्हा आम्हा तिघांचे चेहरे त्यांना दिसले. "काय झालं? लाइट आली का?"

पाहुणे भिंतीला टेकले होते. "अम्मा," एवढेच ते म्हणाले, आणि त्यांनी दोन्ही हात कानांना लावले.

"आई, पाटी तुम्ही लावलीत?" मी विचारले.

"मग कोन लावणार? मांजर आत घुसलेली दिसली, तर लावायची म्हनलीस ना तू? लावली अन् गेले." त्या जरा रागावल्याच. "मी काय तुझा नियम मोडते का?"

त्यांच्या मनात ती पाटी मांजरीसाठीच होती. आपला हात तिथे जाणार आहे, याचा विचार त्यांना शिवलाही नव्हता. त्या दुपारी मला पहिल्यांदा जाणवले की हसत हसत, टोमणे मारत त्यांनी आमचा नियम आमच्याइतकाच मनापासून पाळला होता.

त्या बोळात आल्या. मांजरीला खाली सोडले, हात धुतले, पदराला पुसले. वीज आलेली, गिऱ्हाईक खोळंबलेले, आणि तरीही आम्ही तिघे स्विचसमोर हात मागे बांधून उभे होतो. कारण पाटी काढायची ती लावणाऱ्याने. सासूबाईंनी वळून पाहिले. मांजरी जाळीबाहेरच्या फळीवर चढून पंजा चाटत होती. मग त्यांनी पाटी काढून बाजूच्या खिळ्याला लावली. "हं. लाव आता."

पाहुणे जाताना दाराशी घुटमळले आणि मला म्हणाले, "भाभी, मेरे कू बी एक पट्टी बना के देव. मशीन में लडका हात डालता रहता." मी त्यांना दिली. मांजरीचे तोंडही काढू का, असे विचारल्यावर ते म्हणाले, "वोइच डालो."

दिवाळी आली. मुदतीचा विषय कुणीच काढला नाही. नरकचतुर्दशीच्या पहाटे पती तेल लावून पाटावर बसले असता मांजरी त्यांच्या मांडीशी येऊन बसली. तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "पास झाली बघ तुझी इन्स्पेक्टर," आणि तिच्या कपाळावर बोटभर तेल टेकवले. ती ते दिवसभर पंजाने पुसून चाटत होती.