आमच्या वर्गातले शार्क

चार वर्षांच्या मुलांना शिकवणाऱ्या बाईकडे किस्से आपोआप साठतात. रोज संध्याकाळी मी ते नवऱ्याला ऐकवते आणि तो जेवता जेवता हूं हूं करतो, म्हणून आता तुम्ही ऐका.

लग्नानंतर मी नागपूरहून कोलकात्याला आले आणि तिथल्या बेहाला भागातल्या एका छोट्या शाळेत लागले. यंदा विषय घेतला खोल समुद्रातले शार्क. बंगालीत शार्कला हांगोर म्हणतात, आणि 'आम्ही'ला आमरा.

पहिल्याच दिवशी गॉब्लिन शार्कचं चित्र दाखवलं. एकीने विचारलं, "हे शाळेतलं नाव झालं. घरी काय म्हणतात?" बरोबरच आहे, इथे प्रत्येक मुलाला घरचं वेगळं नाव असतंच. मग गॉब्लिनचा बुबाई झाला. शेकडो वर्षं जगणारा, संथ पोहणारा ग्रीनलँड शार्क दादू, म्हणजे आजोबा झाला.

नाव सुचवलं नाही ते फक्त तुलीने. घरी ती अखंड बडबडते म्हणे, पण शाळेत तिने अजून तोंड उघडलेलं नव्हतं. आमच्या मुख्याध्यापिकांना सगळे बडदी म्हणतात. त्यांनी तुलीच्या आईला सांगून टाकलं होतं, की दुर्गापूजेच्या सुट्टीपर्यंत बोलली नाही तर दुसरी शाळा बघा. आई रोज फाटकाशी माझ्याकडे बघायची, मी नकारार्थी मान हलवायचे. फार वाईट वाटायचं.

बुबाईचा जबडा झपकन पुढे येतो. तो आम्ही कपड्यांच्या चिमट्यांचा केला, आणि मुलांनी घरी जाऊनही तोच उद्योग केला. दुसऱ्या दिवशी एका मुलाचे बाबा तक्रार घेऊन आले. "मिस, ताटातली गरम फुगलेली लुची बुबाईने पळवली, आणि चिमटे नाहीत म्हणून माझा शर्ट शेजाऱ्यांच्या गच्चीवर गेला."

शार्कला हाडं नसतात, आपल्या कानासारखं मऊ काहीतरी असतं, हे सांगताना सगळ्यांना कान चाचपायला लावले. मासे खाणाऱ्यांची पोरं ती! ऋजूचा चेहरा उजळला. "ताहोले ठाकुमा खेते पारबे." म्हणजे, मग आजी खाऊ शकेल. त्याच्या आजीला हल्ली काटे दिसत नाहीत, म्हणून तिचे मासे बंद झाले होते. मला हसावं की डोळे पुसावेत कळेना.

मग आला कंदील शार्क, पोट चमकणारा. खिडक्यांना चादरी लावल्या, मुलांच्या पोटावर रेडियमचे स्टिकर चिकटवले. मी नियम सांगितला, "शार्कला आवाज नसतो. जो आवाज करेल तो बाद." टेबलांखाली समुद्र सुरू झाला. खिदळत खिदळत सगळे बाद झाले. तुली तेवढी उरली.

"आम्हालाही शिकव," म्हणत सगळे पुन्हा खाली घुसले, तिच्या मागे रांगेत. वर्गात इतकी शांतता पसरली, की बडदी घाबरून धावत आल्या. दार उघडून मोठ्याने म्हणाल्या, "काय झालं? मुलं कुठे आहेत?"

टेबलाखालून एक आवाज आला. मी तो कधीच ऐकला नव्हता.

"चूप. आमरा हांगोर."

बडदींनी माझ्याकडे पाहिलं. मग चपला काढून हातात घेतल्या आणि चवड्यांवर चालत बाहेर गेल्या.