कोठारातला बर्फ

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिला तर मी शेजाऱ्याची म्हैस किती दूध देते तेही सांगतो. तुम्हाला सांगतो. हसायचं तिथं खुशाल हसा, बरंचसं हसण्यासारखंच आहे.

तेव्हा मी आंबवड्याजवळच्या एका इनामदारांकडे दिवाणजी होतो. त्यांचा मुलगा विलायतेहून परतला तो पोलादी पात्यांचे बूट घेऊनच. बहिणीच्या लग्नात पाहुण्यांना बर्फावर नाचून दाखवणार! भर वैशाखात, भोर संस्थानात! इनामदार हो म्हणाले. मुलाला नाही म्हणणं त्यांना कधी जमलंच नव्हतं.

आणि खरं सांगू? आम्ही ते केलं. भाताचं कोठार रिकामं केलं — जाड भिंती, खिडकी एकही नाही. जमिनीवर ढोपरभर तूस अंथरलं, त्यावर ताडपत्री. भोरच्या दाऊदभाईंनी पुण्याच्या कारखान्यातून आपल्या लॉरीत बर्फाच्या लाद्या आणल्या, लाकडाच्या भुशात पुरून. कात्रजचा घाट ओलांडूनही कडा शाबूत! आम्ही लादीला लादी भिडवली, फटींत बर्फाचा चुरा ठोकला, सुतारानं वरून रंधा मारला. पाझरलेलं पाणी गोणपाटानं टिपायला दोन गडी, दाराला ओल्या वाळ्याचे पडदे. संध्याकाळी धाकट्या सरकारांनी बूट चढवून पाहिले, चांगले दोनतीनदा आपटले आणि खूश झाले. मी तर काय, हिमालय मीच बांधल्यासारखा मिरवत होतो.

मग मला शहाणपण सुचलं. बर्फ ठरवायला मी त्या कारखान्यात गेलो होतो, तेव्हा पाण्याचे डबे मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवलेले पाहिले होते. कुल्फीवालाही बर्फात मीठच घालतो, नाही का? म्हणजे गारठा मिठात! लग्नाच्या सकाळी कोठारात कुणी नसताना मी मुदपाकखान्यातलं पोतंभर मीठ बर्फावर शिंपडलं. अगदी प्रेमानं.

मीठ गारठा देतं खरं, पण आधी बर्फालाच खातं — हे मला कोण सांगणार? अक्षता पडेपर्यंत कोठारात पिठलं झालं होतं. धाकटे सरकार ते विलायती बूट घालून घोट्यापर्यंत पाण्यात उभे! वऱ्हाड पोट धरून हसलं. इनामदार हसले नाहीत. हे कसं झालं, त्यांनी मला विचारलं.

आणि मी — जीभ जराही न अडखळता — म्हणालो, "दाऊदभाईंनी भुसा कमी घातला. बर्फ वाटेतच खचला होता."

लग्नाला आलेले दाऊदभाई समोरच उभे होते. भुसा भरपूर होता, मी स्वतः तो उपसला होता. ते भांडले असते तर मी तिथंच उघडा पडलो असतो. पण ते माझ्याकडे बघून एवढंच बोलले, "दिवानजी म्हंत्यात तर आसंल. म्याच चुकलो आसंन."

इनामदारांचं काम त्यांना पुन्हा मिळालं नाही. मी तोंड उघडलं नाही. भोरात सरबतवाल्यांना बर्फ लागतोच, म्हणून त्यांची लॉरी तेवढी चालू राहिली.

पण मला जास्त लाज वाटते ती त्याच्या पुढच्या गोष्टीची. नंतर कितीतरी उन्हाळे मी पुण्याहून त्यांच्याच लॉरीतून घरी आलो. निघायच्या आधी ते मला मागे बोलवायचे, ताडपत्री उचलायचे. "दिवानजी, बगा बरं. आता तरी पुरंल का भुसा?"

मी कोपरापर्यंत हात घालायचो. लाद्या गच्च झाकलेल्या असायच्या, कुठं बोट शिरायला जागा नसायची. आणि मी म्हणायचो, "अजून थोडा घाला."

ते घालायचे.