कोरडी बाटली आणि मुळशीचा मध

आप्पांनी बिनसाखरेचा चहा तिसऱ्यांदा मोरीत ओतला, त्या सकाळी मी मुळशीला जायचं ठरवलं.

साठ सालाच्या आसपासची गोष्ट. आता मी नव्वदीला टेकले आहे. मी सांगते आणि भाची टंकते. तुम्ही मंडळी रविवारी गाडी काढून मुळशीला जाता, धरणापाशी फोटो काढता आणि येताना रस्त्यावरून मधाची बाटली घेता. ती घेण्याआधी माझी रडकथा वाचा.

आप्पा म्हणजे माझे वडील. जन्मभर छापखान्यात खिळे जुळवले. म्हातारपणी साखरेचा आजार निघाला, पायाची जखम भरेना, तेव्हा डॉक्टरांनी साखर आणि गूळ बंद केला. आप्पांनी त्याबरोबर बोलणंही बंद केलं. घरात आम्ही दोघंच. मी दिवसभर शाळेत पोरांपुढे ओरडायचे आणि घरी आले की भिंतीशी बोलायचे. दोन महिन्यांत मी पार थकून गेले. त्यांनी निदान एकदा "चहा चांगला झालाय" एवढं म्हणावं, इतकीच माझी मागणी होती.

शाळेतल्या एका बाईंनी उपाय सुचवला. "मध चालतो हो साखरवाल्यांना. तो निसर्गाचा. पण बाजारातला नको, त्यात गुळाचा पाक असतो. मुळशीकडे कातकरी काढतात, तो आणा." मला ते लगेच पटलं, कारण मला पटवूनच घ्यायचं होतं. डॉक्टरांना मुद्दाम विचारलं नाही. नाही म्हणाले असते तर?

वैशाखातली सुट्टी होती. शेजारच्या काकूंना आप्पांच्या जेवणाचं सांगून सकाळची एस.टी. धरली. बावधन तेव्हा चार घरांचं गाव. खिंड चढताना गाडी अशी कण्हायची की उतरून ढकलावंसं वाटे. पुढे भूगाव, पिरंगुट, पौड. तिकीट रुपया-सव्वा रुपया, धूळ फुकट. पौडला गाडी अर्धा तास उभी राहिली, तिथे भजी खाल्ली आणि ती संध्याकाळपर्यंत घशाशी येत राहिली. कुणी आज जाणार असाल तर दशम्या घरूनच न्या.

धरणाच्या काठाने बरंच पुढे गेल्यावर कंडक्टरने घंटी मारून मला माळावर उतरवलं. "बाई, तीनला हितंच उभ्या ऱ्हावा. परतीची गाडी एकच हाय. चुकली तर पौडापत्तुर पाय हायेतच."

तिथून कातकऱ्यांची वाडी तीन मैल. उजवीकडे पाणी चकाकत होतं. लोक सांगतात, सुंदर आहे. असेल. माझ्या चपलेचा अंगठा पहिल्या मैलातच तुटला, त्यामुळे मी पूर्ण वेळ जमिनीकडेच बघत होते. वाटेत ओढा लागला. बरोबर आणलेली सरबताची रिकामी बाटली तिथे चांगली खळखळून धुतली, आणि आपण किती स्वच्छतेच्या, म्हणून मनात खूशही झाले.

शाळेतल्या बाईंनी नाव सांगितलेल्या ठकूबाईचं खोपटं वाडीच्या टोकाला. तिचा नवरा गोमा रात्रभर कड्यावर दोराने लोंबकळून पोळं काढून आला होता आणि आत झोपला होता. बाहेर मेढीच्या खांबाला फडक्यात बांधलेलं पोळं टांगलेलं होतं आणि खालच्या मडक्यात मध थेंबाथेंबाने गळत होता.

"पिळून का काढत नाहीस? लवकर होईल," मी म्हटलं.

"पिळलं की माश्यांची पिल्लं बी चिरडत्यात. मंग मध आंबतो." तिने माझी बाटली घेतली आणि उन्हाकडे धरून एक डोळा मिटून पाहिलं. "आत पानी हाय."

"थेंबभर असेल."

"थेंबानंच फसफसतो. वाळू द्या." तिने बाटली कलती करून तापल्या दगडावर ठेवली.

"अगं, मला तीनची गाडी गाठायची आहे!"

"मंग गाडी गाठा. वल्ल्या बाटलीत माजा मध जायाचा न्हाई."

रागाने माझा जीव चडफडला. पण तुटकी चप्पल घेऊन मोकळ्या हाताने परत जाणार कुठे? बसले. सावलीत ती, मी आणि एक आजारी कोंबडी.

"कुनासाटी नेतायसा?" तिने विचारलं. "घरात तान्हं हाय का? असलं तर चाटवू नगा. पोर पायावर चालाय लागल्याबिगर आमी मध दावत न्हाई."

आमच्या गल्लीत तर जन्मल्या पोराला सोन्याची अंगठी मधात बुडवून चाटवायचे. आज डॉक्टरही बजावतात, वर्षाच्या आत बाळाला मध नको. तेव्हा मला ते अडाणीपणाचं वाटलं होतं.

"तान्हं नाही," मी म्हटलं. "वडिलांना हवाय. साखरेचा आजार आहे त्यांना."

"मंग मध कशापायी?"

"मध चालतो. निसर्गाचा असतो ना."

"कोन म्हनलं? गोड ते गोडच की, बाई. मुंगी काय इचारती व्हय, ही साकर हाय का मध?"

"तुला विकायचा नाहीये का?"

"इकायचा हाय की. म्हून काय खोटं बोलू?"

मी तोंड फिरवलं. मॅट्रिक झालेली, शाळेत आरोग्यशास्त्र शिकवणारी मी. मला ही सांगणार? बाटली वाळली तेव्हा अडीच वाजून गेले होते. तिने मध ओतला, बूच घट्ट बसवलं आणि म्हणाली, "जांभळीचा हाय. जरा कडू लागंल."

गाडी चुकली. बैलगाडी मिळाली ती निम्म्या वाटेत शेताकडे वळली. पौडला पोचले तेव्हा पायाला फोड, पदराला मध आणि अंगात ताप. धर्मशाळेत पडून राहिले आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीने पुणे गाठलं.

आप्पा दारातच बसले होते. बोलले नाहीत, पण बाटलीकडे बघितलं. मी कप मांडला, चमचा काढला, बूच उघडलं आणि माझा हात पुढे जाईना. ती मुंगी डोक्यातून जात नव्हती. तशीच दवाखान्यात गेले. डॉक्टर म्हणाले, "मधानंही रक्तातली साखर वाढते. जखम भरेपर्यंत चमचाभरही नको."

घरी येऊन मी पाटावर बसले आणि रडले. दुःखाने नव्हे, निव्वळ दमून. रडतरडत आप्पांना सगळं सांगितलं: अंगठा, कोंबडी, बाटली, मुंगी.

"थांब," आप्पा म्हणाले. दोन महिन्यांनी ऐकलेला पहिला शब्द. "विकणारीच म्हणाली, नेऊ नका?"

"हो."

"आणि तू तरी आणलास?"

"हो."

"पौडापर्यंत चालत?"

आप्पा हसायला लागले. खोकला येईपर्यंत हसले. मग डोळे पुसून म्हणाले, "आण तो चहा. तसलाच आण." तोंड वाकडं करत का होईना, त्यांनी तो संपवला.

बाटलीतला मध मीच खात गेले. सकाळी कोमट पाण्यात एक चमचा, कधी भाकरीला लावून. चमचा कोरडा, पाणी उकळतं नाही, आणि मध घेतला त्या दिवशी साखर तेवढी कमी. पावसाळ्याच्या गारठ्यात मधात रवा धरला. भेसळ म्हणून फेकणार होते, मग वाडगाभर गरम पाण्यात बाटली ठेवली तर तो सुटला. औषध म्हणून त्याचा मला काही चमत्कार दिसला नाही. चव मात्र होती.

दिवाळीच्या आधी आप्पांची जखम भरली. डॉक्टरांनी सणापुरता अर्धा चमचा कबूल केला, तोही एक पोळी कमी करून. पाडव्याला मी तळाचा मध काढला आणि त्यांच्यापुढे धरला. इतक्या महिन्यांनी त्यांच्या जिभेला गोड लागणार, म्हणून मी त्यांच्या तोंडाकडे बघत उभी राहिले.

आप्पांनी सावकाश चाटला. कपाळाला आठी घातली. चमचा बशीत ठेवला.

"कडू आहे गं," ते म्हणाले. "यापेक्षा तुझा चहा बरा."