उघडा ठेवलेला आकडा

सुव्हा बंदराच्या धक्क्यावरच्या बोट कंपनीत तिकिटं निघत ती कंपनीची प्रोग्रामर अलुमिता हिने लिहिलेल्या प्रोग्राममधून. खिडक्या चार, पण बोटीत उरलेल्या जागांचा आकडा सगळ्यांत मिळून एकच, प्रोग्रामरच्या भाषेत अख्ख्या 'क्लास'चा सामाईक. असा आकडा 'प्रायव्हेट', म्हणजे बाहेरून कुणाला हात लावता येणार नाही असा, ठेवायचा आणि बदलायचा तो तपासणी करणाऱ्या एकाच फंक्शनमधून, हे ती नवख्यांना तोंड दुखेस्तोवर सांगे. स्वतः मात्र घाईत 'पब्लिक', म्हणजे कुठूनही बदलता येईल असा, लिहून मोकळी झाली होती. नंतर नीट करू म्हणाली, आणि राहून गेलं.

एका शुक्रवारी खिडकीवरचा जुना कारकून रुसिआते याने नव्या कारकुनाला शिकवायला सरावाचं पान उघडलं. त्या पानाने थेट त्याच खऱ्या आकड्याच्या जागी सरावाचा साठ लिहिला, आणि भरलेल्या बोटीची आणखी तिकिटं विकली गेली. कोरो बेटाचं एक कुटुंब आईच्या मातीला निघालं होतं. हातात तिकिटं होती, आणि बोट त्यांच्या डोळ्यांदेखत सुटली.

साहेबांनी रुसिआतेला सगळ्यांसमोर झापलं.

"माझाच हात चुकला असेल," तो म्हणाला. "डोळेही अधू झालेत आता."

अलुमिताला खरं कारण तासाभरातच सापडलं होतं. तिने गुपचूप 'पब्लिक'चं 'प्रायव्हेट' केलं आणि तोंडातून ब्र काढला नाही. रुसिआतेची रवानगी गोदामात झाली.

तीन आठवडे ती गोदाम टाळून लांबच्या फाटकाने घरी जात होती. लाज वाटायची, आणि नुसती लाज वाटून घेत बसल्याची आणखी लाज वाटायची. शेवटी एका रविवारी चर्च सुटल्यावर यंगोनाच्या, म्हणजे मानाच्या पेयासाठी कुटतात त्या झाडाच्या, मुळांची जुडी घेऊन ती रुसिआतेच्या घरी गेली, चटईवर बसली, जुडी पुढे सरकवली आणि सगळं सांगून टाकलं. आमच्याकडे माफी अशीच मागतात, नुसत्या शब्दांवर भागत नाही; समोरच्याने जुडी उचलली की माफी मिळाली.

रुसिआतेने जुडीला हात लावला नाही. "म्हणजे चूक माझी नव्हती?"

"नव्हती, दादा. माझी होती."

"आधी बोलायचंस ना, पोरी."

"धीर झाला नाही."

रुसिआते आतल्या खोलीच्या दाराकडे बघून बोलू लागला.

"कोरोवाल्यांची माफी आम्ही मागून आलो. घरातल्या वडीलधाऱ्याने बोलावं लागतं, म्हणून बाबांना नेलं. ऐंशीचे आहेत, गुडघे वाकत नाहीत त्यांचे. तरी त्या लोकांपुढे खाली बसले आणि म्हणाले, आमच्या पोराने तुमच्या आईची माती चुकवली."

त्याने जुडी तिच्याकडे परत सरकवली.

"बाबा आत आहेत. हे त्यांना सांग."

अलुमिताला चटईवरून उठवेना.