नव्वदचं तेल की एकशेचाळीसचं

दोस्तहो, आज दुपारी एका गाडीच्या मागच्या चाकांमधल्या गिअरपेटीचा, म्हणजे डिफरन्शियलचा, बोल्ट खोलला, तेलात लोखंडाची चमकी दिसली अन् माह्यं सगळं बिघडलं.

गाडी कळंबच्या एका गुरुजींची. जुनी मिनीबस, आत पलंग, शेगडी, चालतं-फिरतं घर. गुरुजी मुलीला घेऊन हैदराबादेला निघालेले. कॉलेज सोडलं तेव्हापासून मी त्याच मुलीवर मरून राह्यलो.

गॅरेजचे उस्ताद म्हणाले, "एकशेचाळीस टाक. जाड तेलात बेअरिंगचा आवाज दबते. कापसाचा भाव पडला तसं गिऱ्हाईक कुठं हाये? हातचं कायले घालवतं?"

"बेअरिंग गेलं, उस्ताद. कंपनीच्या पुस्तकात पातळ, नव्वदचंच लिहिलं हाये."

"तुले गाडी थांबवाची हाये का पोरगी?"

डोकं फिरलं. गाडी अडली तर पोरगी चार दिवस थांबेल, हे मनात आलतं, खोटं कायले बोलू? पण त्यासाठी नाही, पुस्तकात हाये म्हणून तेल मी नव्वदचंच भरलं. गुरुजींना बसवून पांढरकवड्याच्या हायवेवर चक्कर मारली, घूंऽऽ आवाज गुरुजींनी स्वतः ऐकला.

"बरं झालं बाबू, आवाज दाबला नाही. बेअरिंग सावकाश बदल," म्हणाले, अन् परत आल्यावर गॅरेजसमोरून जाणाऱ्या हैदराबादच्या बसला हात दाखवला. गुरुजी अन् पोरगी, दोघंही चढले.

उस्ताद हसले, "घे! गाडी थांबली, पोरगी गेली."

खरं वागूनही माणूस इतका थकते का हो? सांगा.

मिनीबसमधली शेगडी बंद हाये का ते पाहिलं, खाली उतरलो अन् दार लावलं.